प्रमाणपत्र आणि परवाना

शिक्षण पुरे केल्याचा दाखला आणि त्या शिक्षणाच्या बळावर धंदा करण्याची मोकळीक या दोन वस्तू भिन्न आहेत. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या, आणि त्यांच्या वडीलमंडळींच्याही, ही गोष्ट ध्यानात येते ती कामाला लागण्याच्या दिवशी. दोन वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घालवून वीजतंत्री किंवा तारतंत्री म्हणून उत्तीर्ण झालेला मुलगा प्रमाणपत्र घेऊन ठेकेदाराकडे जातो आणि ठेकेदार विचारतो, ‘परमिट आहे का?’ प्रमाणपत्र म्हणते, या मुलास अमुक एक विद्या येते. परमिट म्हणते, या मुलाला दुसऱ्याच्या घरात ती विद्या वापरू देण्यास सरकारची हरकत नाही. पहिले वाक्य खरे असेल तर दुसरे त्यातून आपोआप निघावे, असे आपणांस वाटते. ते तसे का निघत नाही आणि निघावे म्हणून काय करावे लागेल, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. धंदे अनेक आहेत. आपण वीजतंत्र्याचाच घेऊ, कारण हायस्कुलातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी बरेच जण त्या वाटेने जातात आणि वीज प्रत्येकाच्या घरात आहे.

प्रथम, परवाना मुळात हवाच कशाला? कुंभाराला कोणी परवाना विचारीत नाही. बाजारात मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. खणखणीत वाजले तर घेते, बद्द वाजले तर ठेवून देते. पारख करण्याचे साधन तिच्या बोटातच असते, आणि चुकून कच्चे मडके पदरात पडलेच तर नुकसान एका मडक्याचे. विजेच्या तारांचे तसे नाही. समजा, तारा जोडणाऱ्याने दिव्याचे बटण फेजच्या तारेवर बसविण्याऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसविले. दिवा लागतो, विझतोही. घरमालक खूष होतो आणि पैसे देतो. परंतु बटण बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्टचा दाब तसाच उभा असतो. दोन वर्षांनी कोणी दिवा बदलण्यासाठी स्टुलावर चढते, बटण बंद आहे म्हणून निर्धास्तपणे हात घालते आणि व्हायचे ते होते. अर्थिंगची तार जमिनीत नीट पोचली आहे की नुसती भिंतीत खोचून ठेवली आहे, हेही गिलावा झाल्यावर कोणास दिसत नाही. असे काम वाजवून पाहता येत नाही. चूक करणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि जिवावर बेतते ते तिसऱ्याच्या. जेथे ही तीन माणसे वेगवेगळी असतात, तेथे गिऱ्हाइकाच्या वतीने आधीच पारख करून ठेवणारे कोणी तरी लागते. परवान्याचे खरे प्रयोजन एवढेच आहे. जेथे हे प्रयोजन नाही तेथे परवाना मागणे हे, माझ्या मते, निव्वळ अडवणुकीचे काम होय.

आपल्या जुन्या गावगाड्यात ही पारख दुसऱ्याच रीतीने होत असे. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा मुलगा लोहार; बापाच्या हाताखाली शिकावयाचे आणि बापाचे बलुते पुढे चालवावयाचे. घराणे हाच दाखला आणि वतन हाच परवाना. दाखला व परवाना यांचा मेळ घालण्याचा प्रश्न तेथे नव्हता, कारण दोन्ही एकाच पाळण्यात मिळत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे विसरू नये की, ज्याचा जन्म त्या घरात झाला नाही त्याला ना शिक्षण मिळे, ना काम. धंद्याचे शिक्षण घराण्याबाहेर काढून शाळेत आणण्याचे प्रयत्न पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास काढलेले कलाभवन हे त्यांतले एक ठळक नाव. दादासाहेब फाळके यांनी त्याच संस्थेत शिक्षण घेतले होते.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा प्रश्न अगदी नेमक्या शब्दांत हाताळला आहे. १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास कोणताही पेशा, व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्याचा हक्क दिला; आणि त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडात, एखादा पेशा करण्यासाठी आवश्यक अशी व्यावसायिक किंवा तांत्रिक अर्हता ठरविण्याची मुभा सरकारास ठेवली. म्हणजे हक्क हा मूळ नियम आणि अर्हता ही त्यावरील मर्यादा. ‘आवश्यक’ हा शब्द येथे महत्त्वाचा. परवाना मागणाऱ्याने तो का मागितला, याचे उत्तर देणे लागते.

आता वीजतंत्र्याच्या दाराशी येऊ. १९१० च्या भारतीय वीज अधिनियमाखाली १९५६ साली जे नियम झाले, त्यांतील ४५ व्या नियमाने ग्राहकाच्या जागेतील वीजकामासाठी तीन माणसे ठरवून दिली. काम अंगावर घेणारा ठेकेदार राज्य सरकारचा परवाना असलेला हवा. देखरेख करणाऱ्याजवळ कार्यक्षमतेचा दाखला हवा. आणि प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्याजवळ राज्य सरकारने दिलेले किंवा मान्य केलेले परमिट हवे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तू जशाच्या तशा बदलण्याच्या किरकोळ कामाला यातून सूट होती. तेवढे तुम्ही-आम्ही करावे. परंतु नवा फाटा काढावयाचा, जोडणी वाढवावयाची, तर परमिटवालाच हवा. पुढे २००३ चा विद्युत अधिनियम आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे नवे विनियम केले आणि २०२३ साली त्यांच्या जागी आणखी सुधारलेले विनियम आणले. जुने नियम गेले, तरी ही त्रिपदी रचना टिकून राहिली.

शिक्षणाची बाजू याहून वेगळ्या रस्त्याने आली. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, लष्करातून मोकळ्या होणाऱ्या सैनिकांना कामधंद्यास लावण्यासाठी १९४५ साली पुनर्वसन आणि सेवायोजन यांचे एक महासंचालनालय निघाले. त्यातूनच १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली आणि आज ज्यांना आपण आय.टी.आय. म्हणतो त्या संस्था देशभर पसरल्या. त्यांच्या अभ्यासक्रमात सर्व देशभर एकसारखेपणा असावा म्हणून राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली, ती १९५६ साली. कारखान्यात हाताखाली शिकण्याला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले. २०१८ च्या अधिसूचनेने त्या जुन्या परिषदेचे नियामक काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणाच्या एका नव्या राष्ट्रीय परिषदेकडे सोपविण्यात आले.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, परवान्याचे नियम आणि प्रशिक्षणाची परिषद ही दोन्ही १९५६ ची अपत्ये आहेत. एकाच वर्षी, एकाच देशात जन्मलेल्या या भावंडांची एकमेकांशी नीट ओळख मात्र कोणी करून दिली नाही. प्रशिक्षण कामगार खात्याच्या कुशीत वाढले, परवाना विद्युत निरीक्षकांच्या. प्रशिक्षणाने राष्ट्रीय रूप घेतले. परवाना राज्याराज्याचा राहिला. राज्यघटनेकडे पाहिले तर वीज आणि कामगारांचे व्यवसाय-प्रशिक्षण हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे दोहोंवर केंद्राला आणि राज्यांना सारखाच कायदा करता येतो. तेव्हा ही ताटातूट घटनेने लादलेली नाही. ती सवयीने झाली आहे.

याचा परिणाम आपल्या सीमाभागात फार स्पष्ट दिसतो. बेळगावच्या मुलाने तेथील संस्थेत वीजतंत्र्याचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविले आणि कर्नाटकाचे परमिट काढले, असे समजा. निपाणी ओलांडून तो कागलला आला की तो महाराष्ट्रात आला. प्रमाणपत्र तेथेही चालते, कारण ते राष्ट्रीय आहे. परमिटाविषयी मात्र पुन्हा विचारणा सुरू होते: हे येथे मान्य आहे का, नवे काढावे लागेल का, त्याला कोणते कागद लागतील? तोच मुलगा नैर्ऋत्येस चोर्ला घाटाने उतरून गोव्यात गेला तरी हाच प्रश्न. त्याने मोटार चालविण्याचे लायसन मात्र बेळगावात एकदाच काढले आहे आणि १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे ते साऱ्या भारतात चालते. विजेचा दाब निपाणीत २३० व्होल्ट आणि कागलला काही निराळा, असे थोडेच आहे? घरातील जोडणीची भारतीय मानक संहिता, आय.एस. ७३२, दोन्हीकडे एकच. अर्थिंगची, आय.एस. ३०४३, तीही एकच. मोटार हाकणाऱ्याच्या हातून रस्त्यावर जो धोका संभवतो तो तारा जोडणाऱ्याच्या हातून होणाऱ्या धोक्यापेक्षा कमी, असेही कोणी म्हणणार नाही.

तथापि सगळा दोष सरहद्दीवर टाकून चालणार नाही. एकाच राज्याच्या आतही दाखला आणि परमिट यांचे मोजमाप जुळत नाही. काही ठिकाणी आय.टी.आय. उत्तीर्णास परीक्षेशिवाय परमिट देतात, तर काही ठिकाणी त्याबरोबर अनुभवाची अट असते किंवा पुन्हा परीक्षा घेतात. परीक्षा पुन्हा का, याचे कारण बारकाईने पाहिले पाहिजे. आय.टी.आय.चा अभ्यासक्रम कारखान्याकडे तोंड करून बसलेला आहे: मोटारीचे गुंडाळे, रोहित्र, नियंत्रण-फलक, यंत्रांची निगा. परवाना मंडळाची नजर घरमालकाकडे असते: जोडणी सुरक्षित आहे की नाही हे तपासून सांगता येते का? १९५६ च्या ४८ व्या नियमाने सांगितलेली एक तपासणी उदाहरणादाखल पाहा. जिवंत तार आणि जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट लावावयाचा आणि आवरणाचा रोध निदान एक मेगओहम भरतो का, हे मेगरने पाहावयाचे. वर्गात ही तपासणी शिकवितात. परंतु परीक्षेत तिला किती वजन, हा प्रश्न उरतोच. एखादा विद्यार्थी मोटारीच्या प्रश्नावर भरपूर गुण घेऊन आणि अर्थिंगच्या प्रश्नावर कसाबसा तरून एकूण बेरजेत उत्तीर्ण होऊ शकतो. संस्थेच्या दृष्टीने तो उत्तीर्णच. परवाना मंडळाच्या दृष्टीने जेथे तो कसाबसा तरला तेथेच तर कोणाचा जीव अडकलेला असतो.

म्हणून मेळ घालावयाचा तो कागदांचा नव्हे, मोजमापांचा. मला सुचणारा क्रम उलटा आहे. अभ्यासक्रम आधी लिहून मागून परवान्याने त्याला मान्यता द्यावी, याऐवजी धोक्यापासून आरंभ करावा. घरातील वीजकामात माणूस मरतो किंवा आग लागते ती कोणकोणत्या चुकांनी, याची यादी विद्युत निरीक्षकांच्या दफ्तरात असते, कारण अपघाताची चौकशी तेच करतात. त्या यादीतील प्रत्येक चूक टाळण्यास कोणते ज्ञान आणि कोणता हात लागतो, हे ठरवावे. तेवढा भाग प्रशिक्षणाच्या परीक्षेत स्वतंत्र ठेवावा, त्याचे गुण बेरजेत मिसळू नयेत, आणि त्या भागात उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रमाणपत्रच देऊ नये. परीक्षकांत एक जण निरीक्षकांच्या खात्याचा असावा. मग त्याच परीक्षेवर परमिट द्यावयास कोणती अडचण उरते? मुलाची दुसरी परीक्षा वाचते, फी वाचते, आणि घरमालकाचे संरक्षण कमी न होता उलट वाढते.

हे अशक्य नाही, याला आपल्याच देशात पुरावा आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने असे तत्त्व घातले की, परिषदेने मान्य केलेली अर्हता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालण्यास पुरेशी समजावी. नोंदवही राज्याची, अर्हता देशाची. परिचारिका एका राज्यातून दुसऱ्यात गेली तर तिला नाव पुन्हा नोंदवावे लागे, पण रुग्णाची नाडी पाहता येते की नाही हे पुन्हा सिद्ध करावे लागत नसे. १९४८ च्या औषधनिर्माण अधिनियमानेही मान्य अभ्यासक्रम आणि नोंदणी यांची अशीच गाठ बांधली. त्या गाठीलाही सैलपणा आला, हे सांगितले पाहिजे. औषधनिर्माणाच्या पदविकेनंतर नोंदणीपूर्वी आणखी एक परीक्षा असावी, असे नियम २०२२ मध्ये करण्यात आले. दुसरी परीक्षा बसविणे म्हणजे पहिलीवर विश्वास उरला नाही, असे बोलून दाखविणेच होय. संस्था भराभर वाढल्या, तपासणी सैल झाली, की मेळ मोडतो आणि त्याचा दंड विद्यार्थ्यास भरावा लागतो.

आपल्यासारखाच संघराज्य असलेला ऑस्ट्रेलिया हा दुसरा दाखला. तेथेही वीजतंत्र्याचा परवाना राज्ये देतात आणि प्रशिक्षणाची अर्हता राष्ट्रीय आहे. परंतु परवान्यासाठी जे यावयास हवे ते त्या राष्ट्रीय अर्हतेतच विणलेले आहे. सुमारे चार वर्षांच्या उमेदवारीच्या शेवटी सर्व कौशल्ये एकत्र पारखणारी कसोटी होते. शिवाय १९९२ च्या परस्पर-मान्यता कायद्याने एका राज्याच्या परवानाधारकास दुसऱ्या राज्यात त्याच धंद्याची नोंदणी मागण्याचा हक्क दिला. आपल्याकडे असा नवा कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. १९५६ च्या नियमातले ते शब्द आठवा: राज्य सरकारने ‘दिलेले किंवा मान्य केलेले’ परमिट. ‘मान्य केलेले’ या दोन शब्दांत शेजारच्या राज्याचे परमिट स्वीकारण्याचे दार नियमकर्त्यांनी तेव्हाच ठेवले होते. सीमेच्या दोन्ही अंगांच्या मंडळांनी एकत्र बसून ते सताड उघडावे, एवढेच मागणे आहे.

येथे एक शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. दोन्ही कागद एकच करून टाकले तर? शिकविणाऱ्या संस्थेनेच परवानाही द्यावा? हे मला पटत नाही. गुरूने आपल्याच शिष्यास पारखून जगात सोडावे, यात मोह फार. संस्थेचा निकाल चांगला दिसावा अशी इच्छा प्रत्येक संस्थेला असते. शिवाय प्रमाणपत्र आणि परवाना यांचा स्वभावच निराळा आहे. विद्या एकदा आली ती आली; प्रमाणपत्र परत घेण्यात अर्थ नाही. परवाना हा विश्वास आहे, आणि निष्काळजीपणाने कोणाचा जीव धोक्यात घातला तर तो काढून घेता आला पाहिजे. तेव्हा दोन दारे राहोत. पण दोहोंना किल्ली एकच असावी.

परवाना अतिकडक केल्याने काय होते आणि अगदी सोडून दिल्याने काय होते, हे दोन्ही जर्मनीने अनुभवले आहे. १९५३ च्या तेथील कारागिरी कायद्याने पुष्कळ धंद्यांत स्वतंत्र दुकान काढण्यास उस्तादाची पदवी सक्तीची केली होती. २००४ साली ५३ धंद्यांतून ही सक्ती उठविली. फरशी बसविणाऱ्यांचा धंदा त्यांतलाच. २०२० साली त्यांपैकी १२ धंद्यांत, फरशीवाल्यांसह, सक्ती पुन्हा आणली गेली. उस्ताद कमी झाले की हाताखाली शिकविणारेही कमी होतात, हे त्या फेरविचाराचे एक कारण होते. परवान्याची अट आणि प्रशिक्षणाची परंपरा एकमेकांत किती खोल गुंतलेली असतात, ते यावरून दिसते. वीजतंत्र्यांच्या बाबतीत मात्र २००४ सालीही तेथे सक्ती उठविण्यात आली नव्हती.

ज्यांनी कोणत्याही संस्थेचे तोंड पाहिले नाही अशा जुन्या तारतंत्र्यांचाही विचार या मेळात यावयास हवा. वीस-वीस वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली राबलेली, तार चाचपून दोष सांगणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नाही म्हणून परमिट नाही, आणि परमिट नाही म्हणून जन्मभर दुसऱ्याच्या नावावर काम. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी मिळविलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याची सोय ठेवली गेली, ती योग्य दिशेने. परंतु तो दाखला परवाना मंडळाच्या टेबलावर चालणार नसेल, तर त्या माणसाच्या पेटीत आणखी एका कागदाची भर पडते, इतकेच. त्यांच्यासाठीही धोक्याच्या यादीवरून घेतलेली तीच प्रात्यक्षिक परीक्षा असावी. शालेय इयत्तेची अट तीत नसावी.

मोठ्या सुधारणा होतील तेव्हा होतील. या वर्षी ज्यांना कोठे तरी नाव घालावयाचे आहे, त्यांनी प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि शक्य तर संस्थेत न विचारता जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात विचाराव्यात, कारण शेवटी कागद पाहणार आहेत ते तेथले लोक. या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर आपले परवाना मंडळ परमिट देते काय? परीक्षेवाचून की परीक्षा घेऊन? अनुभव लागत असेल तर किती, आणि तो कोणाच्या सहीने धरला जातो? काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे लहान अभ्यासक्रम हल्ली पुष्कळ निघाले आहेत. त्यांच्या दाखल्यावर राष्ट्रीय चौकटीतील पायरीचा आकडा असतो, परंतु तो आकडा म्हणजे परमिट नव्हे. शेजारच्या राज्यात काम करण्याचा मानस असेल तर तेथील मंडळासही एक पत्र टाकावे आणि उत्तर लेखी मागावे. उमेदवारीच्या काळात ज्या ज्या जागी काम केले त्याची तारीखवार नोंद एका वहीत ठेवून प्रत्येक पानावर परवानाधारक पर्यवेक्षकाची सही आणि त्याच्या दाखल्याचा क्रमांक घ्यावा. सही त्या त्या महिन्यातच घ्यावी. पर्यवेक्षक बदलीवर गेला की ती मिळविण्यास फार हेलपाटे पडतात.